आयकॉनखालचा चेहरा

शहाद्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक विचारतात, इतक्या वर्षांत तुम्ही सगळ्यात जास्त काय दुरुस्त केलं? मी मदरबोर्ड म्हणेन, निदान प्रिंटर तरी, असं त्यांना वाटत असतं. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळा मी पडद्यावरचं मागचं चित्र बदललं आहे, आणि ते कधीच बिघडलेलं नव्हतं.

ज्यांचं सगळं आयुष्य मोबाइलवर चाललं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटर चालू केला, की काम सुरू होण्याआधी पडदाभर एक चित्र दिसतं. कोणी त्याला वॉलपेपर म्हणतं, कोणी बॅकग्राउंड. आमच्याकडे बरेच जण सरळ ‘मागचा फोटो’ म्हणतात. त्या चित्रावर बारीक बारीक चिन्हं मांडलेली असतात, ते आयकॉन. आयकॉनवर दोनदा टिचकी मारली की बिलं उघडतात, पत्रं उघडतात, ज्याचं जे असेल ते उघडतं. चित्रावर मात्र दिवसभर टिचक्या मारत बसा, काही उघडत नाही. चित्राने मशीन वेगाने चालत नाही आणि थांबतही नाही. थोडक्यात, त्या चित्राला काही काम नाही. म्हणूनच बहुधा माणसं त्याच्याबाबतीत इतकी हळवी असतात. वर्षभराच्या बिलांची फाइल उडाली तर गिऱ्हाईक म्हणतं, सवडीने या. मागचा फोटो उडाला तर जेवणावरून उठून येतं.

आयकॉन आणि चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे समजावण्यात माझी बरीच वर्षं गेली. आमच्या गल्लीतल्या एका झेरॉक्सवाल्याने एकदा आपल्या पडद्याचाच फोटो काढला आणि तोच मागे लावला. त्याला म्हणे आपली मांडणी फार आवडली होती. मग अर्धे आयकॉन खरे आणि अर्धे चित्रातले. तो चित्रातल्या आयकॉनवर टिचक्या मारत सकाळभर बसला आणि दुपारी मला म्हणाला, ‘भाऊ, व्हायरस घुसना.’ मी व्हायरस काढला. म्हणजे त्याच्या मुलीचा वाढदिवसाचा फोटो मागे लावून दिला. आजही तो गल्लीत सांगतो, की भाऊचा हात व्हायरसवर चांगला बसलाय.

नव्या मशीनसोबत कंपनीचं चित्र येतं. एक काळ असा होता, की नंदुरबार जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या कचेऱ्यांत तीच हिरवी टेकडी आणि वर निळं आभाळ होतं. धडगावकडून एक गुरुजी शाळेचं मशीन घेऊन आले होते. घरी पावरी बोलणारे, माझ्याशी मराठीत बोलायचे, मोजून-मापून. मी काम करत असताना ते त्या टेकडीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हिच्यावर एकही झाड नाही. कोणी तोडली?” मी म्हणालो, माहीत नाही, परदेशातली आहे. ते म्हणाले, “गुरंही दिसत नाहीत. मग एवढं गवत कोणासाठी राखलंय?” त्यांनी शाळेमागच्या मोहाच्या झाडाचा फोटो आणला होता, तो मी लावून दिला. त्यानंतर ती टेकडी मला कधी धड आवडली नाही.

देवाचा फोटो हे आमच्या धंद्यातलं वेगळंच प्रकरण. बाजारातल्या एका खतवाल्या शेठकडे मी त्यांच्या दैवताचा फोटो लावला. संध्याकाळी त्यांचा फोन, “भाऊ, देवना पायथे कचरापेटी शे. हाई चालाव नही.” रिसायकल बिन पायाशी आली होती. ती मी वर कोपऱ्यात सरकवली. मग त्यांच्या लक्षात आलं, की खालच्या पट्टीने देवाचे पाय झाकले गेलेत, आणि दर्शन तर पायांचंच घ्यायचं असतं. पट्टी वर नेली तर मुकुट झाकला गेला. शेवटी ती पट्टी पडद्याच्या उजव्या कडेला उभी केली आणि शेठ हात जोडून म्हणाले, आता बरोबर. त्यांच्या दुकानात नवीन लागलेला प्रत्येक कारकून पहिला आठवडा मान वाकडी करून काम करतो. दसऱ्याला आमच्याकडे अवजारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते, आणि शेठ ओल्या बोटाने थेट देवाच्या कपाळी कुंकू लावतात. दुसऱ्या दिवशी पडदा पुसायला मी जातो. कुंकू काचेवर लागलंय, देवाला लागलेलं नाही, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. त्यात मशीनचं काही नुकसान नाही.

एका संस्थेत सगळ्या मशीनवर अध्यक्षांचा फोटो असायचा. निवडणूक आली तेव्हा तिथल्या मोठ्या साहेबांनी मला मतमोजणीच्या दिवशी बोलावून घेतलं आणि दोन पेनड्राइव्ह तयार ठेवायला सांगितले, एकात एका पॅनेलच्या उमेदवाराचा फोटो, दुसऱ्यात दुसऱ्याच्या. मी दोन्ही खिशांत दोन अध्यक्ष घेऊन दिवसभर चहा पीत बसलो. फेरीगणिक साहेब येऊन खुणेने कधी डावा खिसा दाखवायचे, कधी उजवा. निकाल लागल्यावर फटाके वाजायच्या आत सगळे पडदे बदलले होते. नवे अध्यक्ष आत आले, पडद्यावर स्वतःला बघून भारावले आणि म्हणाले, कर्मचाऱ्यांचं प्रेम. साहेबांनी मान खाली घातली.

अशा कामांचा मला अभिमान वगैरे नाही, पण लाजही नाही. ज्यासाठी हे लिहायला बसलो ते काम मात्र वेगळं आहे. तापीकाठच्या एका गुजर घरातलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं तिथेच आहेत आणि हा दिवाळी अंक तिथे जातो.

अप्पा केळीचे व्यापारी. उंच माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं कमी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस, तिथेच कॉम्प्युटर. केळीच्या गाड्यांची सगळी बिलं त्यांची मुलगी करायची. एकुलती एक, शिकलेली, हुशार. मागचा फोटोही तिनेच लावला होता. केळीच्या बागेत तिघं उभी आहेत. डावीकडे अप्पा, उजवीकडे उन्हाने डोळे बारीक केलेली तिची आई, जिला आम्ही सगळे माई म्हणतो, आणि मध्ये ती, घडाला हात लावून हसणारी.

मग मुलीने नाशिकला जाऊन स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. अप्पांनी तिच्या नावाने अंघोळ केली. अंघोळ केली म्हणजे आमच्याकडे ते माणूस मेलं. भिंतीवरचे फोटो उतरले, अल्बम कुठे गेला कोणी विचारलं नाही. राहिला फक्त कॉम्प्युटरवरचा फोटो, तो कसा काढतात हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून मला बोलावलं.

मी गेलो, खुर्चीवर बसलो, म्हणालो, “अप्पा, काढी टाकानं सोपं शे. दुसरा फोटो लाई देस.”

“काढू नको,” अप्पा म्हणाले. “झाकी दे.”

मला वाटलं त्यांना समजलं नाही. मी परत पहिल्यापासून सांगितलं, की असं असं करायचं, एका मिनिटात साधा निळा रंग येतो, डोळ्यालाही बरं.

“मी काढाले सांगं का? झाकाले सांगं. फक्त तोंड. बाकीनं ऱ्हाऊ दे.”

मग मी आयकॉन उचलून मधोमध आणायला लागलो. तिच्या चेहऱ्यावर मावतील एवढे आयकॉन त्यांच्याकडे नव्हते, म्हणून मी काही नवीन फोल्डर केले. एकाचं नाव ‘जुनं’, एकाचं ‘नवीन’, एकाचं ‘इतर’. आत काहीच नव्हतं. कपाळावर बिलं आली, गालांवर वजनं आणि गाड्या, हनुवटीवर ‘इतर’. हात घडावर तसाच राहिला. अप्पांनी लांबूनच बघितलं आणि मान हलवली. एवढं वाईट काम मी आयुष्यात केलं नसेल, पण गिऱ्हाईक समाधानी होतं.

तिसऱ्या दिवशी फोन. “भाऊ, तोंड उघडं पडनं.”

यात मशीनचा दोष नाही. आमच्याकडे वीज खेळ करते. ती झटका देऊन गेली आणि आली, की पडद्याचं माप कधी कधी बदलतं, आणि मधोमध मांडलेले आयकॉन शिस्तीत डाव्या कडेला जाऊन रांगेत उभे राहतात. कॉम्प्युटरला वाटतं ही नीटनेटकी मांडणी. तिचा चेहरा लख्ख उघडा, आणि अप्पा सकाळी चहा घेऊन समोर. मी जायचो, आयकॉन परत चेहऱ्यावर मांडायचो, यायचो. मग वीज जायची.

मी अप्पांना म्हणालो, हे तुम्हालाही जमेल, माऊसने आयकॉन धरायचा आणि ओढायचा. त्यांनी माऊस हातात घेतला, बाण तिच्या चेहऱ्याजवळ आला, आणि त्यांनी माऊस टेबलावर ठेवून दिला. म्हणाले, “तूच करत जाय.” नंतर मी कधी शिकवायला गेलो नाही. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, दोन्ही एकाच वेळी.

माई दाराच्या चौकटीत उभ्या असायच्या. ऑफिसात पाय ठेवायच्या नाहीत. एकदा अप्पा बाहेर गाडीचं वजन बघायला गेले तेव्हा आयकॉनकडे बोट करून त्या हळूच म्हणाल्या, “भाऊ, यासना खाले ती शे ना?”

“शे, माई. वर कितलंबी ठेवा, खालनं चित्र जसंनं तसं ऱ्हास.”

“मंग ठीक शे,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढे एकदा त्यांनी मला ओट्यावरच गाठलं. मुलीला दिवस गेले होते. गावातल्या कोणाच्या तरी फोनवरून मायलेकींचं चोरून बोलणं होत असे. माईंनी ते दाराकडे बघत बघत सांगितलं.

“तिले सातवा लागना. तिले सासू नही, नणंद नही. तठे कोन करी तिनं? पहिलं बाळतपण मायना घर व्हस, का नही?”

“व्हस,” मी म्हणालो. आमच्याकडे हे कोणी मोडत नाही. मुलगी कुठेही असो, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते.

“मी एकदाव यासले सांगं. जेवनवरथीन उठी गयात. तू सांगी देख. तुन्हं ऐकतस.”

“माई, ते मन्हं फक्त कॉम्प्युटरनं ऐकतस.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी अजून ते बघणं विसरलेलो नाही. मी दुरुस्तीवाला माणूस. लोकांच्या घरात बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. पण त्या दिवशी परत येताना मोटरसायकलवर मला तो अजिबात चांगला वाटला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी वीज अशी आली, की मशीनच जळालं. बिलं आणि फोटो जिच्यात साठवलेले असतात ती डिस्क वाचली होती. अप्पांनी नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं. मी तो घेऊन गेलो, जोडला, जुनी बिलं नव्यात ओढून घेतली. असं मशीन बदलताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारतोच. डॉक्टर असो, ग्रामसेवक असो, विचारतो. इथे विचारू की नको असं मला झालं होतं, पण सवयीने तोंडातून गेलंच.

“अप्पा, मागना फोटो जुनाच ठेवू, का नवा?”

अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. “जो व्हता तोच.”

मी तो लावला. नव्या मशीनवर आयकॉन अजून आणायचे होते, त्यामुळे पडद्यावर फक्त फोटो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वर काहीच नव्हतं. माई चौकटीत होत्या. मी घाईघाईने पहिला आयकॉन तयार करायला घेतला.

“थांब,” अप्पा म्हणाले. ते उठून पडद्याजवळ आले, कमरेत वाकले. “हाई तिनं तोंड नही.”

“तिनंच शे, अप्पा.”

“ती कव्हय इतली जाडी व्हती? तिनं तोंड लांबट शे. मन्ही मायवर गयेल शे ती.”

त्यांचं बरोबर होतं. जुना पडदा चौकोनी होता, नवा रुंद. जुना फोटो नव्या पडद्यावर ताणून बसवला, की माणसं आडवी पसरतात, पोळी लाटल्यासारखी. फोटोतले तिघंही फुगले होते. अप्पांना स्वतःचं काही वाटलं नाही, माईंचंही नाही. त्यांनी फक्त तिचा चेहरा बघितला होता. मी त्यांना ताणाचं कारण सांगितलं आणि म्हणालो, हे दोन प्रकारे सुधारता येतं. पहिला प्रकार करून दाखवला. तिघंही मूळ अंगाची झाली, पण फोटो मधोमध आला आणि उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंना काळे पट्टे उभे राहिले.

“काळं नको,” अप्पा म्हणाले.

“त्यानी काही व्हत नही, अप्पा. रिकामी जागा शे ती.”

“दोन जीवनी शे ती. आठवा लागेल शे तिले. तिना बाजूले काळं नको.”

मी माऊसवरचा हात काढला नाही आणि मागेही बघितलं नाही. पण माईंच्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. सातव्याचं त्यांनी अप्पांना एकदाच सांगितलं होतं, आणि ते जेवणावरून उठून गेले होते. त्याच्या पुढचा महिना अप्पांनी स्वतःच मोजला होता.

“मंग दुसरा प्रकार ऱ्हायना,” मी म्हणालो आणि तो लावला. आता पडदा काठोकाठ भरला. काळं कुठेच नाही, तिचा चेहरा लांबट, जसा आहे तसा, हात घडावर. मात्र या प्रकारात फोटोचा वरचा आणि खालचा भाग पडद्याबाहेर जातो. खाली तिघांचे पाय गेले. वर माई आणि ती बुटक्या म्हणून वाचल्या. अप्पांची टोपी गेली, कपाळ गेलं, भुवयांपासून खालचेच अप्पा उरले.

“अप्पा, असं करं तर तुमनं डोकं कटस,” मी सांगितलं. गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं बरं.

अप्पांची नजर तिच्या चेहऱ्यावरच होती.

“कटू दे,” ते म्हणाले. “तिनं तोंड नीट उनं ना?”

“नीट उनं.”

“मंग ऱ्हाऊ दे.”

मी बिलांचा आयकॉन केला आणि हातात धरून थांबलो. कुठे ठेवू, असं विचारलं. त्यांनी बोटाने पडद्याची कड दाखवली. मी सगळे आयकॉन कडेला लावले. ‘जुनं’, ‘नवीन’ आणि ‘इतर’ आणलेच नाहीत. माई चौकट ओलांडून आत आल्या होत्या आणि अप्पांच्या मागे उभ्या होत्या. अप्पा मागे न वळता, पडद्याकडे बघतच त्यांना म्हणाले,

“आइतवारले तिले लेवाले जानं शे. मधली खोलीमानी खाटनी नवार ढिली शे. ती पहिले तानी लेवानी पडी.”

“तानेल शे,” माई म्हणाल्या. “कव्हयनीच तानेल शे.”